फॅन थिअरीला ‘सिद्धांत’ म्हणावं का?

प्रश्न असा आलाय: ‘माझा भाचा गॉड ऑफ वॉर या गेमवर मराठीत लिहितोय. त्याने एका ठिकाणी लिहिलं, “नॉर्स पुराणातल्या क्षुद्र देवतांबद्दल चाहत्यांचे अनेक सिद्धांत आहेत.” मला हे वाक्य कानाला खटकलं पण नेमकं काय चुकलं ते सांगता येईना. फॅन थिअरीला सिद्धांत म्हणतात का? आणि क्षुद्र देवता बरोबर आहे का?’

कान बरोबर आहे तुमचा. दोन्ही शब्द चुकलेत, आणि दोन्ही वेगवेगळ्या कारणांनी. (पुढे दोन्ही नॉर्स गेमचे शेवट येणारेत, खेळायचे राहिले असतील तर आधी खेळून घ्या, शब्द कुठे पळून जात नाहीत.)

आधी सिद्धांत. शब्द फोडला की लगेच कळतं, सिद्ध आणि अंत, म्हणजे वाद घालून घालून शेवटी जे सिद्ध झालं ते. आपल्या शास्त्रग्रंथांत आधी पूर्वपक्ष येतो, म्हणजे समोरच्याचं म्हणणं नीट मांडायचं, मग ते खोडायचं आणि मग सिद्धांत. म्हणजे सिद्धांत हा गल्लीचा शेवट आहे. फॅन थिअरी, म्हणजे कथेत पुढे काय निघणार याबद्दल चाहत्यांनी लावलेला तर्क, गल्लीच्या तोंडाशी उभी असते, आत अंधार असतो आणि पुढचा भाग यायला चार वर्षं असतात. भाच्याचा दोष नाही, शाळेत सापेक्षतेचा सिद्धांत, उत्क्रांतीचा सिद्धांत असं शिकवतात, त्यामुळे थिअरी दिसली की हात आपोआप सिद्धांताकडे जातो. गंमत म्हणजे थिअरी हा मूळ ग्रीक शब्द, त्याचा अर्थ बघणं, न्याहाळणं. म्हणजे धातूला धरून भाषांतर करायचं तर आपल्याकडे ‘दर्शन’ तयार आहे, षड्दर्शनांतलं, पण ‘टीर या नॉर्स देवाविषयी चाहत्यांचं दर्शन’ लिहिलं तर लोक नारळ घेऊन रांगेत उभे राहतील.

बोलताना थिअरी म्हणायला काहीच हरकत नाही. ‘त्याची एक थिअरी आहे’ हे आता मराठीच आहे. पण लेखात मराठी शब्द हवा असेल तर आपल्याकडे एक नाही, चांगले चार-पाच आहेत, आणि ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. तो अंदाज कशावर उभा आहे ते बघायचं आणि शब्द निवडायचा.

ज्यांना गेम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आधीच्या गेममध्ये क्रेटॉस हा ग्रीक देवांचा निकाल लावणारा स्पार्टाचा योद्धा. 2018 च्या गेममध्ये तो उत्तरेला, नॉर्स म्हणजे जुन्या उत्तर युरोपातल्या देवांच्या मुलखात येऊन बसलाय, बायको फे नुकतीच वारलीय आणि मुलगा अट्रिअस याला घेऊन तिची रक्षा सगळ्यात उंच शिखरावरून उधळायला निघालाय. त्याचा पुढचा भाग, रॅग्नारॉक, 9 नोव्हेंबर 2022 ला आला. मधली साडेचार वर्षं म्हणजे थिअरीवाल्यांची दिवाळी.

आता पहिला नमुना घ्या, फेचाच. 2018 च्या गेमच्या अगदी शेवटी बाप मुलाला सांगतो की तुझ्या आईला तुझं नाव लोकी ठेवायचं होतं, लोकी म्हणजे नॉर्स पुराणातला तो कपटी, खोडकर देव. संपूर्ण गेममध्ये फे ही फक्त राखेची पिशवी आणि लोकांच्या आठवणी, पण ज्यांनी एडा, म्हणजे नॉर्स पुराणकथांचे जुने आइसलँडिक ग्रंथ, वाचले होते त्यांच्यातले काहीजण आधीच सावध झाले होते, कारण त्यांत लोकीचं बिरुद आहे ‘लाउफेयारसोन’, लाउफेयचा मुलगा. आणि लाउफेय ही आई. नॉर्स लोक एरवी बापाच्या नावाने ओळखले जायचे, लोकी मात्र आईच्या. आपल्याला यात नवल वाटत नाही, कौंतेय, राधेय, गांगेय, वैनतेय, पाणिनीचं सूत्रच आहे ‘स्त्रीभ्यो ढक्’, बाईच्या नावाला हा प्रत्यय लागला की शेवटी ‘एय’ येतं. (लाउफेयच्या शेवटी ते ‘एय’ आयतंच आहे. यात काही नातं नाही हं, निव्वळ योगायोग, पण माझ्यासारख्याला असलं काही दिसलं की दिवस चांगला जातो.)

तर फे म्हणजे लाउफेय, हे ज्यांनी ओळखलं त्यांनी काय केलं? एक ठाऊक असलेली गोष्ट घेतली आणि तिच्यावरून ठाऊक नसलेली काढली. याला मराठीत नेमका शब्द आहे, आडाखा. पावसाचे आडाखे असतात, निवडणुकीचे असतात. आडाख्याच्या मागे काहीतरी गाठीशी असावं लागतं, मागचा अनुभव, एखादा नियम, एखादी खूण. चुकला तरी तो हवेतला नसतो.

बापाचीही तीच तऱ्हा. एडातला लोकीचा बाप फारबाउती, आणि या नावाचा अर्थ साधारण ‘क्रूर घाव घालणारा’ असा होतो. आता क्रेटॉसला याहून बरं नाव कोणी ठेवून दाखवावं. शिवाय लाउफेय या नावातला ‘लाउफ’ म्हणजे पान, आणि स्नोरी या एडाच्या लेखकाने तिचं दुसरं नाव दिलंय नाल, म्हणजे सुई. यावरून जुन्या काळच्या काही अभ्यासकांनी असं मांडलं होतं की घाव घालणारा बाप म्हणजे वीज, पानांची किंवा सुईसारख्या पानांची आई म्हणजे झाड, आणि वीज झाडावर पडून जो पेटतो तो आग, लोकी. आज हे फारसं कोणी मानत नाही, पण गेमची सुरुवात आठवा, क्रेटॉस कुऱ्हाडीने झाडावर घाव घालतोय आणि त्या झाडाच्या बुंध्यावर फेच्या पंजाचा सोनेरी ठसा आहे. गेमवाल्यांनी मुद्दाम केलं का ते मी सांगू शकत नाही, पण असं काही दिसलं आणि ते मांडावंसं वाटलं तर त्याला म्हणायचं कयास.

कयास अरबीतून फारसीमार्गे आलाय, मूळ क़ियास. इस्लामी धर्मशास्त्रात तो पक्का पारिभाषिक शब्द आहे: ग्रंथात दारू निषिद्ध आहे, दुसऱ्या एखाद्या नशेच्या वस्तूचं नाव ग्रंथात नाही, पण कारण तेच, म्हणून तीही निषिद्ध. म्हणजे साम्यावरून पुढे जाणं. मराठीत येता येता तो नुसता अंदाज झाला हे खरं, तरी साम्यावर उभ्या असलेल्या थिअरीला मी आडाखा न म्हणता कयासच म्हणेन, आणि तो ‘बांधायचा’.

अटकळ त्याहून हलकी. अटकळीला पुरावा लागत नाही, वाटलं की बांधली. आणि होरा हा माणसाचा स्वतःचा असतो, ‘माझा होरा असा आहे’ म्हटलं की कारण विचारायचं नसतं. होरा मूळचा ग्रीक, ज्योतिषाबरोबर संस्कृतात आलेला, तास या अर्थाचा. पण वराहमिहिराने बृहज्जातकात नोंदवलंय की काहींच्या मते ‘अहोरात्र’मधलं पहिलं आणि शेवटचं अक्षर गाळून होरा झाला. सुंदर आहे की नाही? दीड हजार वर्षांपूर्वीची फॅन थिअरी, तीही शब्दाबद्दल.

आता टीर. हा एडातला युद्धदेव, फेनरिर लांडग्याच्या तोंडात हात घालून तो गमावून बसलेला, एकहाती. 2018 च्या गेममध्ये तो दिसत नाही, मेला असंच सांगतात, फक्त त्याचं देऊळ आणि त्याने देशोदेशींहून गोळा केलेल्या वस्तू दिसतात. त्यात ग्रीसच्याही. तेवढ्यावरून एक थिअरी फार फिरली, की टीर म्हणजे भविष्यातून मागे आलेला क्रेटॉसच. दोघे युद्धदेव, दोघांचा ग्रीसशी संबंध, आणि गेममध्ये त्या महासर्पाला काळात मागे फेकल्याची गोष्ट आहेच, मग माणूस का नाही. हा ना आडाखा ना कयास. याला मराठीत घरचा शब्द आहे, बादरायण संबंध. पाहुणा आला, ओळख ना पाळख, म्हणे तुमच्या दारात बोरीचं झाड आणि माझ्या गाडीचं चाक बोरीच्या लाकडाचं, म्हणून आपण नातेवाईक. फॅन थिअऱ्यांपैकी निम्म्या या चाकावरच धावतात, आणि मला त्याच जास्त आवडतात हे कबूल करतो.

पण टीरची खरी गंमत पुढे. रॅग्नारॉकमध्ये टीर जिवंत सापडतो, त्याला सोडवून घरी आणतात, तर हा युद्धदेव लढायलाच तयार नाही, घाबरट, शांततावादी. आमच्या खेळणाऱ्या टोळक्यात एका मावसभावाने तिसऱ्याच दिवशी जाहीर केलं की हा खरा टीर नाही. का? तर म्हणे एडातल्या टीरला एक हात आणि याचे दोन्ही शाबूत. आम्ही त्याला हसलो. पुढे कळलं की तो खरंच तोतया, टीरचं सोंग घेऊन खुद्द ओडिन, नॉर्स देवांचा राजा, घरात राहिला होता. (तोतया हा शब्द इथे मला दुसऱ्या कुठल्याही शब्दापेक्षा प्यारा आहे, पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला आणि त्याने पेशव्यांना किती वर्षं घोर लावला ते आपल्याला शाळेपासून माहीत.) मावसभाऊ आठवडाभर कॉलर ताठ करून हिंडला. मग गेम संपल्यावर निफ्लहाइमच्या तुरुंगात खरा टीर सापडला आणि त्यालाही दोन्ही हात! म्हणजे उत्तर बरोबर, पुरावा साफ चुकीचा. आता याला काय म्हणाल? मी म्हणतो होरा खरा ठरला, आडाखा चुकला. बघा, हे वाक्य ‘सिद्धांत’ शब्द घेऊन करून दाखवा. होतच नाही.

थ्रूदचं उदाहरण उलट, तिथे आडाखा तंतोतंत उतरला. एडातल्या एका कवितेत सांगितलंय की रॅग्नारॉकनंतर, म्हणजे देवांच्या शेवटच्या महायुद्धानंतर, गडगडाटाचा देव थॉर याचा हातोडा त्याच्या मुलांकडे, मोदी आणि माग्नी यांच्याकडे जाईल. गेममध्ये हे दोघे 2018 च्याच भागात मेले, माग्नीला क्रेटॉसने मारलं, मोदीला अट्रिअसने. मग हातोड्याला वारस कोण? थॉर आणि त्याची बायको सिफ यांची मुलगी उरते, थ्रूद, जिच्या नावाचाच अर्थ बळ. आणि शेवटी हातोडा तिच्याकडेच जातो. ग्रंथात काय आहे, गेमने काय बदललं, मग उरलं काय, अशी सरळ वजाबाकी.

थ्रूदवरून एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. आल्व्हिसमाल नावाची एक जुनी कविता आहे. आल्व्हिस हा बुटका, म्हणजे जमिनीखाली राहणाऱ्या कारागिरांपैकी, ठरलेली नवरी म्हणून थॉरच्या मुलीला न्यायला येतो. थॉर म्हणतो, देतो मुलगी, पण आधी सांग, पृथ्वीला माणसं काय म्हणतात, देव काय म्हणतात, राक्षस काय म्हणतात? बुटका सर्वज्ञ, धडाधड सांगतो. मग आकाश, चंद्र, सूर्य, ढग, वारा, असे तेरा प्रश्न, प्रत्येकाचे पाच-सहा प्रतिशब्द, बुटका रंगात येतो आणि बोलता बोलता उजाडतं. उन्हात त्याची जात दगड होते. संपला. शब्दचर्चा करताना जीव गेलेला माझ्या माहितीतला हा पहिला माणूस, म्हणून रात्री बारानंतर मी असली उत्तरं लिहीत नाही. आणि बघा, कवितेत मुलीचं नाव कुठेच नाही. ती थ्रूद असणार हे लोकांनी ठरवलं, कारण थॉरची दुसरी मुलगी कोणाला माहीत नाही. तोही आडाखाच.

यात अभ्यासक आणि चाहते यांच्यातली रेघ फार पुसट आहे. सिनमारा घ्या, एका कवितेत तेवढी येते. ती सुर्त या आगीच्या राक्षसाची बायको असावी ही पंडितांची अटकळ, आणि गेमने तीच उचलून दोघांची अख्खी प्रेमकथा केली. ग्ना ही एडात ओडिनची बायको फ्रिग हिची घोडेस्वार निरोप्या, गेममध्ये वाल्किरींची, म्हणजे रणात पडलेले वीर निवडून नेणाऱ्या योद्ध्या स्त्रियांची राणी होऊन आमच्यासारख्यांना तासन्तास धूळ चारते. आणि ज्याने यातलं बरंचसं तेराव्या शतकात आइसलँडमध्ये लिहून ठेवलं तो स्नोरी तर थेट सांगतो की देवांना एसिर म्हणतात कारण ते मूळचे आशियातले, ट्रॉयकडचे. नावं जुळतात ना, मग झालं. बोरीचं चाक तिथेही आहेच.

आता क्षुद्र देवता. हे चटकन संपेल. क्षुद्र म्हणजे आज मराठीत हलका, नीच, आणि क्षुद्र देवता म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढे कोंबडं-बकरं मागणारी वेशीवरची देवता उभी राहते, तिलाही हे नाव पंडितांनी तुच्छतेनेच दिलेलं. उपदेवता म्हणजे यक्ष, गंधर्व, तो वर्गच वेगळा. गौण चालेल, दुय्यम आणखी चांगलं, ‘किरकोळ देव’ मात्र नको, घाऊक देव कुठे मिळतात असं कोणीतरी विचारेल. पण मला इथे सगळ्यात चपखल वाटतो तो ‘नावापुरती’. लाउफेय, सिनमारा, ग्ना या खरोखर नावापुरत्याच आहेत, एखादी ओळ, एखाद्या यादीतलं नाव, आणि जागा मोकळी आहे म्हणूनच चाहत्यांचं एवढं फावतं. ओडिनबद्दल कोण अटकळी बांधणार, त्याचं सगळं लिहूनच ठेवलंय.

तर भाच्याचं वाक्य असं करा: ‘नॉर्स पुराणातल्या नावापुरत्या पात्रांवरून चाहत्यांनी बरेच आडाखे बांधले, काही खरे ठरले.’ आणि टीरच्या परिच्छेदात त्याने क्रेटॉसची ती काळात मागे येण्याची गोष्ट घेतली असेल तर तिथे बादरायण संबंध घाला, पण बोरीच्या चाकाची गोष्ट त्याला आधी सांगा, नाहीतर विचारेल की हा बादरायण कितव्या लेव्हलला येतो.