समुपदेशनासाठी पहिली खोली भाड्याने घेताय? आधी हे बघा

सोफा, पडदे, प्रमाणपत्रांच्या फ्रेमा नंतर. आधी आत कुणाला तरी नेहमीच्या आवाजात बोलायला लावा आणि दार लावून बाहेर थांबा. शब्द कळले तर ती खोली सोडा. मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही (२०१७) रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलाय.

- खुर्च्या जरा तिरक्या ठेवा, एकमेकांवर रोखलेल्या नकोत. दाराची वाट मोकळी.
- घड्याळ दोघांनाही दिसेल असं.
- टिश्यू हाताशी असू द्या, पण रडू फुटताच पुढे करू नका. 'आता पुरे' असं ऐकू जातं.

नवखे हमखास चुकतात ते सारखी मांडणी बदलण्यात. तुम्ही तिथे दिवसभर असता; समोरच्याला आठवड्यातून एकदाच ती खुर्ची मिळते, ती जागच्या जागी असू दे. रंग, दिवे वगैरे पुढच्या वर्षी बघू.