सुई नको, पण चेहऱ्याचं काहीतरी करायचंय

“मॅडम, इंजेक्शन नको. पण सुई न टोचता काही करता येईल का?” हा प्रश्न खरं तर त्वचातज्ज्ञांचा. तरीही चाळिशी-पन्नाशीतल्या बायका तो माझ्यासारख्या समुपदेशकासमोर बसून विचारतात, हल्ली काही पुरुषही. बोटॉक्सची, म्हणजे सुरकुत्यांवरच्या इंजेक्शनची, धास्ती असते: चेहरा ताठ झाला तर, घरच्यांना कळलं तर, शिवाय त्याचा परिणाम तीन-चार महिन्यांत ओसरणार. मग हायफू, रेडिओफ्रिक्वेन्सी (दोन्हींत त्वचेला उष्णता देतात), पील (रसायनाने त्वचेचा वरचा थर काढणं), लाल दिव्याचा मास्क अशी मोबाइलमध्ये साठवलेली यादी निघते. या यादीपायी झोप उडालेली असते, म्हणून त्या माझ्याकडे आलेल्या असतात.

वैशालीताई (नाव आणि तपशील बदलले आहेत) एका विमा कंपनीत अधिकारी. वय ४९. मीटिंगच्या आधी छातीत धडधडतं, ही तक्रार. क्लिनिकच्या पॅकेजचा कागद पर्समधून बाहेर यायला दोन भेटी जाव्या लागल्या.

“मी थकलेली दिसते, असं सगळे म्हणतात.”

“सगळे म्हणजे कोण कोण?”

त्या आठवत राहिल्या. “नणंद म्हणाली होती. गौरीच्या जेवणाला.”

“आणखी कोणी?”

“आणखी… नाही. पण मनात येतच असेल ना लोकांच्या!”

त्यावर मी वाद घातला नाही. विचारलं, “समजा, उपचार झाले. अगदी मनासारखे. दुसऱ्या दिवसापासून काय काय कराल?”

आरसा, नवी साडी, असं काही उत्तर येईल असा माझा अंदाज होता. त्या मात्र बोटांवर मोजू लागल्या. “मीटिंगमध्ये कॅमेरा सुरू ठेवीन. घरच्या फोटोत मागच्या रांगेत लपणार नाही. आणि नव्या मुलांच्या ट्रेनिंगला हो म्हणेन. साहेब कधीचे मागे लागलेत.”

“यातलं कुठलं काम गालांना करायचंय?”

बराच वेळ खोलीत कोणी बोललं नाही. मग त्यांचे डोळे भरून आले. “म्हणजे मी स्वतःलाच रजेवर पाठवलंय.”

इतक्या वर्षांच्या कामात मला असे क्षण फार मोलाचे वाटतात. हे वाक्य मी त्यांना दिलं असतं तर ते दारापर्यंतही टिकलं नसतं. त्यांना ते स्वतः सापडलं, म्हणून त्यांच्याबरोबर घरी गेलं.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीने काम करते. छान दिसावंसं वाटणं निरोगी आहे, त्यात लाज कसली? पण ‘तसं दिसले नाही तर लोक मला मोजणारच नाहीत आणि ते मला सोसणार नाही’ ही मनातली सक्ती झोप उडवते. ती सक्ती कुठल्याही क्लिनिकमध्ये निघत नाही. तिला प्रत्यक्ष करून पाहूनच उत्तर द्यावं लागतं.

म्हणून पुढच्या मीटिंगला कॅमेरा सुरू ठेवायचा, आणि काय होईल ते आधी कागदावर लिहायचं, असं ठरलं. त्यांनी लिहिलं, ‘कोणीतरी नक्की विचारेल, बरं नाही का.’ पुढच्या भेटीत कागद समोर ठेवून म्हणाल्या, “एका दाव्याच्या रकमेवरून वाद झाला. तो मीच मिटवला. चेहऱ्याचं कोणी काढलंच नाही, मॅडम. माझ्याही लक्षात राहिला नाही.”

त्यानंतर आम्ही ती यादी काढली. आता ती शांतपणे वाचता येत होती. मी त्वचेची डॉक्टर नाही, पण काही गोष्टी सगळ्यांना ठाऊक असाव्यात. सुई नाही म्हणजे धोका नाही, असं नसतं. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर तीव्र पील किंवा चुकीच्या हाताने दिलेली उष्णता काळे डाग ठेवून जाऊ शकते. हायफूमध्ये ध्वनिलहरींची उष्णता त्वचेखाली खोलवर पोचवतात. परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात आणि तो माफक असतो. पार्लरच्या मसाजने सूज उतरते, चेहरा तरतरीत दिसतो; तेवढ्यासाठी जरूर करा, सुरकुत्या मात्र त्याने जात नाहीत. भक्कम पुरावा आहे तो सनस्क्रीनसारख्या स्वस्त गोष्टीचा. ऑस्ट्रेलियात साडेचार वर्षं चाललेल्या चाचणीत रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेचं वार्धक्य, मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी आढळलं. तो निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाला. आणि सेल्फीवर विसंबू नका. फुटभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं.

वैशालीताईंनी पॅकेज घेतलं नाही. त्वचातज्ज्ञांकडे गेल्या, सनस्क्रीन आणि रात्रीचं एक क्रीम सुरू केलं. उद्या त्यांनी इंजेक्शन घ्यायचं ठरवलं तरी माझी हरकत नसेल. हो म्हणताना छाती धडधडत नसली म्हणजे झालं. ट्रेनिंगची पहिली बॅच त्यांनी क्रीमचा गुण यायच्या आधीच घेतली.

तुमच्याही मनात अशी यादी असेल, तर पैसे भरण्याआधी ‘उपचारानंतर करीन’ अशा गोष्टी लिहून काढा आणि त्यातली एक याच आठवड्यात करा. मात्र दिवसाचे तास आरशासमोर जात असतील, इतरांना न दिसणारा दोष तुम्हाला सतत छळत असेल, त्यापायी बाहेर पडणं बंद झालं असेल, तर तो शरीरप्रतिमेचा आजार असू शकतो. त्यात चेहऱ्यावरच्या उपचारांनी सहसा समाधान होत नाही, एका दोषाची जागा दुसरा घेतो. त्यावर औषधं आणि मानसोपचार दोन्ही आहेत, तेव्हा आधी मनोविकारतज्ज्ञांची वेळ घ्या.