रेटिनाच्या नव्या शस्त्रक्रिया उंदराऐवजी डुकराच्या डोळ्यावर का करून पाहतात?

कारण डुकराचा डोळा जवळजवळ माणसाच्या डोळ्याएवढा असतो. आपला डोळा पुढून मागे साधारण २४ मिलिमीटर, उंदराचा जेमतेम ३. त्यातही बहुतेक जागा भिंगानेच व्यापलेली, मग हत्यार फिरवणार कुठे? डुकराच्या डोळ्यात मात्र माणसासाठीचीच उपकरणे चालतात आणि रेटिनाखाली पेशींचा पातळ थर सरकवण्याचा सराव नीट होतो. अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटने मूलपेशींपासून बनवलेला असा थर २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत उंदीरवर्गीय प्राण्यांसोबत डुकरांतही बसवून पाहिला होता. एक अडचण राहतेच: डुकराला माणसासारखा मॅक्युलाचा, म्हणजे रेटिनाच्या मधोमध असलेल्या, सर्वांत स्पष्ट दृष्टी देणाऱ्या भागाचा, खळगा नसतो, तो सस्तन प्राण्यांत फक्त माकडवर्गात सापडतो. त्यामुळे मॅक्युलाला पडलेल्या छिद्रासारख्या आजारावरचे निष्कर्ष डुकरावरून थेट माणसाला लावू नयेत.