पहिल्यांदाच अंकाची मांडणी करताय?

विद्यार्थ्यांच्या अंकाची मांडणी तुझ्याकडे आली, याचा मला मनापासून आनंद झाला. मुखपृष्ठाच्या मागे लगेच लागू नकोस. आधी आतलं एक साधं पान पक्कं कर. समास, स्तंभ, मथळ्याचा आकार एकदा ठरला की बाकीची पानं त्याच चौकटीत बसतात.

देवनागरीला मात्र वेळ दे. आपल्या अक्षरांना वर मात्रा-वेलांट्या, खाली उकार, त्यामुळे रोमन लिपीला पुरणारं ओळींमधलं अंतर इथे अपुरं पडतं. मजकूर ११ पॉइंटचा असेल तर एका ओळीपासून पुढच्या ओळीपर्यंतच्या अंतरासाठी १६ पॉइंटपासून सुरुवात कर आणि ‘ट्ठू’च्या बरोबर खाली ‘र्की’ टाकून बघ. माझ्या पहिल्या अंकात वरच्या ओळीचे उकार खालच्या रफारांत घुसले होते. स्क्रीनवर पान मोठं करून बघत होते, म्हणून ते खटकलंच नाही. कळलं तेव्हा सगळ्या प्रती छापून झाल्या होत्या, आणि एका मुलीची सुंदर कविता नीट वाचता येत नव्हती. तेव्हापासून नमुना पान खऱ्या आकारात छापून वाचल्याशिवाय मी पुढे जात नाही.

छपाईचं थोडक्यात: फोटो ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके), रंग सीएमवायके (छपाईच्या निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या शाईंचे), कडेला ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारा जादा छापील भाग), मधोमध पिना मारायच्या असतील तर पानं ४ च्या पटीत.

अंक हातात आला की पेन घेऊन बस आणि खटकेल तिथे खूण कर. माझी खुणांनी भरलेली प्रत अजून जपून ठेवली आहे, हवी तेव्हा माग.