ऑब्लिक : तिरका की तिरपा?

अंबडच्या एमआयडीसीत यंत्रांच्या पडद्यावरचा मजकूर मराठीत आणणाऱ्या एका वाचकांनी विचारलंय, "फॉन्टच्या यादीत 'मोनोस्पेस ऑब्लिक' असं आहे. तिरका लिहू की तिरपा? इटालिकलाही तोच शब्द चालेल का?"

तिरपा लिहा. तिरका म्हटलं की वाकडेपणा डोकावतो: तिरकी चाल, तिरकस बोलणं. कललेला म्हणावं तर भिंत पडायला आल्यासारखं वाटतं. तिरपा फक्त दिशा सांगतो. इगतपुरीला पाऊस तिरपा लागतो आणि छत्री असून गुडघ्यापर्यंत भिजायला होतं, पण पाऊस तोच असतो. ऑब्लिकमध्ये नेमकं हेच होतं. उभं अक्षर आहे त्याच घडणीत उजवीकडे झुकवतात.

इटालिकचं तसं नाही. व्हेनिसचा मुद्रक आल्दुस मानुतिउस यानं १५०१ मध्ये रोमन कवी व्हर्जिलच्या काव्याचं लहानसं पुस्तक या टंकात, म्हणजे फॉन्टमध्ये, छापलं. छपाईचे खिळे घडवले होते फ्रांचेस्को ग्रिफोनं, तिथल्या भराभर लिहिणाऱ्या हातांचं वळण समोर ठेवून. म्हणून इटालिकमध्ये अक्षराचं रूपच बदलतं. छापील छोट्या 'ए'च्या डोक्यावरची कमान जाते आणि शाळेत गिरवतो तसा गोळा-दांडीचा 'ए' उरतो. 'एफ'चा पाय बऱ्याचदा ओळीखाली उतरतो. बाळबोध आणि हात न उचलता लिहायची मोडी आठवा, म्हणजे फरक लक्षात येईल. इटालिकला नुसतं तिरपा म्हटलं तर हे वळण हरवतं. मी इटालिक हाच शब्द ठेवीन.

मोनोस्पेस, म्हणजे प्रत्येक अक्षराला सारखीच रुंदी देणारा टंक, त्याला समरुंद. नाशिकरोडला टायपिंगच्या क्लासला जायचो, तेव्हा हा शब्द माहीत नव्हता, पण गोष्ट बोटांना कळली होती. इंग्रजी मशीनवर बारीक 'आय' असो की ऐसपैस 'डब्ल्यू', कागद धरणारा गाडा एकच घर सरकायचा. त्यामुळे आकड्यांचे रकाने आपोआप एकाखाली एक यायचे. संगणकाच्या आज्ञावलीला आजही हाच टंक लागतो तो त्याचसाठी. मराठी मशीनवर मात्र 'ग'ला एक घर आणि 'ख'ला दोन, कारण 'ख' अर्धा दाबून मग काना द्यावा लागे. काही मात्रांना तर गाडा हलतच नसे. देवनागरी समरुंद चौकटीत सहज बसत नाही, ते तेव्हापासून.

फॉन्टच्या यादीत सॅन्स सेरिफ, म्हणजे अक्षरांच्या टोकांना बारीक रेघा नसलेला टंक, असेल तर ते नाव तसंच राहू द्या, छपाईवाले तेच म्हणतात. 'मोनोस्पेस ऑब्लिक'च्या जागी 'समरुंद तिरपा' लिहा. आणि मजकूर चढवलात की 'दुरुस्ती', 'वैशिष्ट्य' असे शब्द त्या टंकात एकदा पडद्यावर बघा. उकार किंवा वेलांटी शेजारच्या अक्षरावर चढत असेल, तर मराठीपुरता उभा, साधा टंक घ्या.