वाचकांचे प्रश्न: सायलेन्सर खरंच चोक झालाय का?

प्रश्न: माझी १५० सीसीची फोर स्ट्रोक मोटरसायकल पंचवीस वर्षांची आहे. एका किकमध्ये सुरू होते, आयडलिंगही छान आहे. पण तिसऱ्या गिअरनंतर ओढत नाही. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळला की आवाज घोगरा होतो आणि वेग ४५ च्या पुढे जात नाही. कार्बोरेटर दोनदा साफ करून घेतला, प्लग आणि एअर फिल्टर नवे टाकले. आता मेकॅनिक म्हणतो, सायलेन्सर चोक असेल, बदलून टाका. खर्च करण्याआधी खात्री कशी करायची?

उत्तर: संशय रास्त आहे. मात्र नुसत्या संशयावर सायलेन्सर बदलू नका, कारण याची खात्री घरच्या घरी, साध्या पान्ह्यांनी होते.

आयडलिंग चांगलं आणि जोर नाही, असं का होतं ते आधी पाहू. सिलिंडरमधला जळालेला धूर बाहेर गेला तरच पेट्रोल-हवेच्या नव्या मिश्रणाला आत जागा मिळते. आयडलिंगला थ्रॉटल जवळपास बंद असतो, धूर थोडाच असतो, तो अरुंद वाटेनेही निघून जातो. आता ७००० आरपीएमचा, म्हणजे मिनिटाला ७००० फेऱ्यांचा विचार करा. १५० सीसीचं फोर स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा, म्हणजे तेव्हा मिनिटाला ३५०० वेळा श्वास घेतं, म्हणजे सव्वापाचशे लिटरपर्यंत हवा ओढू शकतं. तीच हवा जळून, तापून, कितीतरी पट फुगून बाहेर पडते. वाट अर्धी बुजलेली असेल तर धूर मागे साचतो आणि पुढच्या फेरीचं मिश्रण त्यात भेसळ होऊन येतं. त्यामुळे बुजलेला सायलेन्सर अगदी पेट्रोल कमी पडल्यासारखा वागतो आणि बिचारा कार्बोरेटर पुन्हा पुन्हा उघडला जातो.

या दोन्हींतला फरक कार्बोरेटरचा चोक (हवा कमी करून मिश्रणात पेट्रोल वाढवणारी कळ) दाखवतो. गाडी गरम करा, चढावर किंवा वरच्या गिअरमध्ये ती रडायला लागली की चोक अर्धा ओढा. जोर वाढला तर पेट्रोल खरोखर कमी पडतंय. आणखी बिघडली, काळा धूर आला तर पेट्रोल पुरेसं आहे. एकतर हवा आत येत नाही किंवा धूर बाहेर जात नाही. तुमचा फिल्टर नवा आहे. तरीही त्याच्या डब्याच्या तोंडाशी कापड, पान किंवा घरटं अडकलेलं नाही ना, ते एकदा बघा.

सायलेन्सरला हात लावण्यापूर्वी चार गोष्टी बाजूला काढून ठेवा. गाडी दम सोडायला लागली की टाकीचं झाकण उघडा. फुस्स आवाज येऊन गाडी सुधारली तर झाकणाचं हवेचं छिद्र बंद आहे. कार्बोरेटरकडची पेट्रोलची नळी काढून बाटलीत धरा. मिनिटाला २०० मिली आलं तरी या इंजिनाला ते भरपूर आहे. (हे गार इंजिनावर आणि ठिणगीपासून लांबच करा.) क्लच घसरत असेल तर इंजिनाचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही, धूर कोंडला असेल तर आवाजही चढत नाही. मेन स्टँडवर चाक हाताने फिरवून ब्रेक धरत नाही ना, तेही बघा.

आता मूळ तपासणी. गाडी उघड्यावर लावा. बंद जागेत इंजिन चालू ठेवणं जिवावर बेतू शकतं. सुरू करून सायलेन्सरच्या टोकामागे वीतभर अंतरावर तळहात धरा. एका सिलिंडरच्या गाडीत प्रत्येक ठोक्याचा वेगळा धक्का जाणवायला हवा. रेस दिल्यावर झोत जोरात वाढला पाहिजे. धक्क्यांऐवजी मऊ, एकसारखी फुंकर येत असेल आणि रेस देऊनही ती फारशी वाढत नसेल, तर आत अडथळा आहे किंवा धूर आधीच कुठून तरी गळतोय. गळती शोधायला घडी घातलेला जाड ओला कपडा सायलेन्सरच्या तोंडावर दोन सेकंद दाबा. सांधे घट्ट असतील तर कपडा जोराने ढकलला जाईल आणि इंजिन बंद पडू लागेल. हेडजवळ (इंजिनाचा वरचा भाग, जिथून धुराचा पाइप निघतो) किंवा क्लॅम्पपाशी फसफस ऐकू आली तर तिथे गळती आहे. कपडा दाबून काहीच फरक पडत नसेल आणि गळतीही नसेल, तर अडथळा बहुधा आतच आहे.

यानंतर सायलेन्सर सोडवून बघायचं. आदल्या रात्री नटांवर गंज सुटण्याचं तेल मारून ठेवा आणि काम गार इंजिनावरच करा. जुन्या गाडीत हेडचा स्टड तुटला तर सायलेन्सरपेक्षा मोठं दुखणं मागे लागतं. नट हलेना तर ताकद लावू नका. किंचित घट्ट, किंचित सैल असं हलवत पुन्हा तेल द्या. बेंड पाइप (हेडपासून सायलेन्सरपर्यंतचा वाकडा पाइप) आणि सायलेन्सर वेगळे होत असतील तर आधी फक्त सायलेन्सर काढा आणि बेंड पाइप जागच्या जागी ठेवा. गाडी न्यूट्रलमध्ये सुरू करा आणि दहा-पंधरा सेकंदच रेस देऊन बघा. आवाज कानठळ्या बसवेल, कानात बोळे घाला. उघड्या तोंडातून ज्वाळ येऊ शकते, म्हणून वायर, पेट्रोलची नळी आणि पाय लांब ठेवा. इंजिन मोकळेपणाने चढलं तर दोष सायलेन्सरमध्ये. नाही चढलं तर बेंड पाइपही काढून तेच करा. तरीही चढलं नाही तर एक्झॉस्टला दोष देणं थांबवा. टॅपेटचं (व्हॉल्व्हचं) अंतर, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) आणि इग्निशन ॲडव्हान्सकडे (ठिणगी किती आधी पडते, त्याकडे) वळा.

अडथळा अर्धवट असेल तर न्यूट्रलमध्ये तो लपून राहतो, कारण भार नसताना धूर कमी असतो. अशा वेळी त्याच मॉडेलचा चालू स्थितीतला सायलेन्सर तासाभरासाठी मिळवा, लावा आणि त्याच रस्त्यावर, त्याच चढावर चालवून बघा. आमच्या मते याहून खात्रीची तपासणी नाही. सायलेन्सर उघडा ठेवून रस्त्यावर मात्र नेऊ नका. शिवाय उघड्या पाइपमुळे मिश्रण थोडं पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) होऊन फटफट आवाज येतो, तो भलताच बिघाड वाटतो.

काढलेला सायलेन्सर हातात आहे तोवर हलवून बघा. खडखडत असेल तर आतली चकती सुटली आहे. अशी चकती कधी झडपेसारखी वागते: हळू रेसला बाजूला राहते, झोत वाढला की भोकावर जाऊन बसते. खाली वळवून लाकडी हातोडीने ठोका. गंजाच्या पापुद्र्यांचा ढीग पडला तर उत्तर समोरच आहे. जुन्या फोर स्ट्रोकमध्ये इतका गंज का, तर एक लिटर पेट्रोल जळताना जवळपास लिटरभर पाणी तयार होतं. रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत सायलेन्सर पुरेसा तापत नाही आणि ते पाणी आतच बसतं. सायलेन्सरच्या पोटाला पाणी निघायचं बारीक भोक असेल तर ते तारेने मोकळं करा.

बेंड पाइपही पारखून घ्या. काही गाड्यांत तो दुहेरी भिंतीचा असतो. बाहेरचा पाइप चकाचक दिसतो आणि आतला गंजून किंवा दबून कोसळलेला असतो. आतल्या व्यासापेक्षा थोडी लहान गोटी एका तोंडाने सोडा. दुसऱ्या तोंडाने सहज बाहेर आली तर वाट मोकळी.

परत बसवताना गॅस्केट नवीनच घ्या, जुनं दबून गेलेलं असतं. सगळे नट-बोल्ट आधी बोटांनी फिरवा, मग हेडकडचे नट आलटून पालटून थोडे थोडे कसा. ६ मिमी स्टडला सुमारे १० न्यूटन मीटर पुरतात. चॅसीकडचा बोल्ट सगळ्यात शेवटी. तो आधी कसला तर पाइप ताणात राहतो आणि पुढे वेल्डिंग तडकतं. गाडी एकदा तापून पूर्ण गार झाल्यावर नट पुन्हा तपासा.

प्रश्न: माझी जुनी टू स्ट्रोक गाडी आहे. तिलाही हीच तपासणी लागू पडते का?

उत्तर: पूर्ण नाही. टू स्ट्रोकमध्ये सायलेन्सर इंजिनाचाच भाग असतो. त्यातून परतणाऱ्या दाबाच्या लाटा ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये राखून ठेवतात. अख्खा सायलेन्सर काढलात तर चांगली गाडीही मरगळेल आणि तुम्ही चुकीचा निष्कर्ष काढाल. इथे फक्त आतली जाळी, म्हणजे बॅफल, काढून गाडी सुरू करा. सायलेन्सरच्या टोकाचा बोल्ट काढून ती पक्कडीने पिळत बाहेर ओढावी लागते. जाळी काढताच गाडी मोकळी झाली तर तीच बुजली आहे. टू स्ट्रोकमध्ये सुरुवात तिथूनच होते, कारण अर्धवट जळालेलं ऑइल तिच्या भोकांत डांबरासारखं बसतं.

दुसरी जागा सिलिंडरचा एक्झॉस्ट पोर्ट, म्हणजे धूर बाहेर पडण्याचं भोक. बेंड पाइप काढून टॉर्चने आत बघा. कार्बनने भोक लहान झालं असेल तर पिस्टन अगदी वर आणा, म्हणजे पिस्टनची बाजू पोर्ट झाकून धरेल आणि खरवड आत पडणार नाही. लाकडी किंवा ॲल्युमिनियमची पट्टी वापरा. स्क्रूड्रायव्हरने खरवडलेल्या पिस्टनवर कायमचा ओरखडा राहतो.

हे दरवर्षी करावं लागत असेल तर ऑइल मोजा. पेट्रोल आणि ऑइलचं प्रमाण ५०:१ सांगितलेल्या गाडीला लिटरमागे २० मिली लागतं. अंदाजाने ओतणाऱ्याच्या हातून ४० सहज पडतं, आणि जास्तीचं ऑइल इंजिन वाचवत नाही, ते जाळीत जाऊन बसतं. मात्र मॅन्युअलमध्ये दिलंय त्याहून कमीही करू नका. ऑइल पंप असेल तर त्याच्या केबलची खूण जुळते का बघा.

प्रश्न: सायलेन्सर आतून साफ करायला कॉस्टिक सोडा चालतो का? की जाळून काढावा?

उत्तर: टू स्ट्रोकचा लोखंडी सायलेन्सर असेल तर चालतो. ५ लिटर गार पाण्यात ५०० ग्रॅम सोडा थोडा थोडा टाका. पाण्यात सोडा टाकायचा, सोड्यावर पाणी कधीही ओतायचं नाही, उसळून अंगावर येतं. विरघळताना पाणी चांगलंच तापतं. ते गार होऊ द्या. डोळ्यांना चष्मा आणि लांब रबरी हातमोजे हवेतच, कारण डोळ्यात उडालेला थेंब दृष्टी घेऊ शकतो. उडालाच तर लगेच वाहत्या पाण्याने धुवत राहा आणि डॉक्टरांकडे जा.

सायलेन्सरचं खालचं तोंड बुचाने बंद करा, वरचं उघडंच ठेवा, आणि भरून २४ तास उभा ठेवा. ॲल्युमिनियमचा भाग असेल तर हा उपाय नको. सोडा ॲल्युमिनियम खातो आणि त्यातून हायड्रोजन निघतो. रंगावर ओघळ गेला तर रंग जातो. ज्या सायलेन्सरमध्ये काचतंतूचं पॅकिंग असतं तो भिजवण्यात अर्थ नाही, तिथे पॅकिंगच बदलायचं. नंतर पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा आणि पूर्ण सुकवा.

जाळण्याबद्दल: सुटी काढलेली जाळी ज्योतीवर जाळून ब्रशने घासणं ठीक, तेही उघड्यावर. अख्खा सायलेन्सर जाळू नका. क्रोम निळं पडतं, पत्रा वाकडा होतो आणि आतलं ऑइल पेटलं की विझवणं अवघड.

प्रश्न: बेंड पाइप रात्री लालसर दिसतो आणि गाडीला जोर नाही. म्हणजे सायलेन्सर चोकच ना?

उत्तर: असेलच असं नाही. इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मागे पडलं तरी नेमकं हेच होतं: मिश्रण उशिरा जळतं, ज्योत पाइपमध्ये पोहोचते आणि जोर जातो. पॉइंटवाल्या (ठिणगी यांत्रिक संपर्काने पाडणाऱ्या) जुन्या गाडीत ॲडव्हान्सची, म्हणजे वेग वाढला की ठिणगी आधी आणणारी, वजनं गंजून अडकलेली असू शकतात. मागच्या टोकाशी हात धरून बघा. झोत दमदार असेल तर टायमिंग आणि पातळ मिश्रण आधी तपासा. झोत मेलेला असेल तर सायलेन्सर.

प्रश्न: दोन वर्षं उभी असलेली गाडी किक मारली की दोन-तीन ठोके देते आणि बंद पडते. सायलेन्सरमधून धूर येतच नाही.

उत्तर: आधी तोंडात टॉर्च मारून आत बघा. कुंभारमाशीचं मातीचं घर किंवा उंदराने भरलेल्या चिंध्या निघण्याची शक्यता मोठी. किक मारत राहून ते बाहेर उडेल अशी आशा धरू नका, उलट आत ढकललं जाऊ शकतं. सायलेन्सर काढा, लवचिक तारेचा आकडा करून मागच्या तोंडाने ओढा, आणि शेवटी पुढच्या तोंडाने हवा मारा, म्हणजे उरलेला कचरा इंजिनाकडे न जाता बाहेर पडेल.

प्रश्न: जाळी कायमची काढून टाकली किंवा सायलेन्सरला ड्रिलने भोकं पाडली तर?

उत्तर: करू नका. मिश्रण पातळ होतं, टू स्ट्रोकमध्ये त्यातून पिस्टन जाम होण्याचा धोका आहे, आणि आवाजाचा त्रास सगळ्या गल्लीला. जाळी गंजून संपली असेल तर त्याच मॉडेलची नवी लावा. कार्बोरेटरची मूळ सेटिंग त्याच जाळीला धरून केलेली असते. चोक झालेल्या सायलेन्सरवर गाडी चालावी म्हणून कोणी मधल्या काळात मेन जेट (कार्बोरेटरमधला पेट्रोल मोजून सोडणारा भाग) बदलला असेल, तर नव्या जाळीसोबत मूळ नंबरचा जेट परत बसवायला विसरू नका.