धुरा कोण फोडतो?

सिंदेवाही तालुका,
धान कापणीचे दिवस

पोरी,

तुझं पत्र मिळालं. गाईडनं 'तोंडाच्या कर्करोगात एमएमपी-९' हा विषय दिला आणि वरच्या वर्गातली मुलं म्हणतात की त्यावर ढिगानं पेपर येऊन गेले, काही उरलं नाही. विषय बदलून मागू का, असं तू विचारतेस. मागू नकोस. पण जसा दिलाय तसाही घेऊ नकोस.

तू धानाच्या बांधीच्या गावची आहेस, म्हणून धुऱ्यापासूनच, म्हणजे शेताच्या मातीच्या बांधापासूनच सुरुवात करते. गालाच्या आतली त्वचा एका पातळ पडद्यावर उभी असते, त्याला तुम्ही बेसमेंट मेम्ब्रेन म्हणता. त्याच्या विणीत मुख्य धागा चौथ्या प्रकारच्या कोलॅजन या प्रथिनाचा. बिघडलेल्या पेशी या धुऱ्याच्या अलीकडे आहेत तोवर पॅथॉलॉजिस्ट 'इन सिटू', म्हणजे जागच्या जागी, असं लिहितो. धुरा ओलांडला की कागदावरचं नाव बदलतं आणि माणसाचं नशीबही. एमएमपी-२ आणि एमएमपी-९ (एमएमपी म्हणजे मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटीनेज) ही पेशीबाहेर सोडली जाणारी विकरं, म्हणजे एन्झाइम, नेमकं हे कोलॅजन कापतात. म्हणून सगळे त्यांच्या मागे लागले.

पण ही विकरं कर्करोगासाठी जन्मलेली नाहीत. या घराण्यातलं पहिलं विकर 1962 साली जेरोम ग्रॉस आणि शार्ल लापिएर यांना सापडलं ते बेडूकमाशाच्या शेपटीत. आषाढात आपल्या बांधीत वळवळणाऱ्या त्या काळ्या शेपट्या पुढं जातात कुठे, तर कोलॅजन विरघळवून बेडूक स्वतःच ती शेपटी जिरवून टाकतो. त्या दोघांनी शेपटीचा तुकडा कोलॅजनच्या थरावर ठेवला आणि त्याखालचा थर विरघळला. इतका साधा प्रयोग. मला तो अजून हेवा वाटावा असा वाटतो.

माणसात या घराण्याची तेवीस विकरं आहेत. सगळ्यांच्या पोटात जस्ताचा अणू असतो आणि बहुतेक कुलूप लावूनच बाहेर येतात. सुरुवातीच्या तुकड्यातलं सिस्टीन नावाचं एक अमिनो आम्ल त्या जस्ताला धरून बसतं. तो तुकडा कापला गेला की कुलूप निघतं. वर टिम्प नावाचे चार राखणदार आहेत, ते उघडलेल्या विकरालाही धरून ठेवतात. म्हणजे एखाद्या तुकड्यात एमएमपी-९ 'आहे' एवढं कळून काही कळत नाही. ते उघडं होतं का, टिम्पच्या हातात होतं का, आणि मुळात कुणाच्या घरून आलं?

हा शेवटचा प्रश्न मला उशिरा सुचला. कर्करोगाच्या गाठीत सापडणारं बरंचसं एमएमपी कर्कपेशींनी बनवलेलंच नसतं. आजूबाजूचे फायब्रोब्लास्ट, म्हणजे कोलॅजन विणणाऱ्या पेशी, आणि मॅक्रोफेज, न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी ते आणून टाकतात. गाठ त्यांच्याकडून काम करून घेते. धुरा फोडायला शेजाऱ्याचंच फावडं.

आता माझी फजिती ऐक. मी तुझ्यासारखी संशोधनाची उमेदवार होते तेव्हा रक्तातलं एमएमपी-९ मोजत होते. रुग्णांमध्ये ते भरपूर, निरोगी माणसांत कमी. दोन वर्षं मी हवेत होते. मग परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला: रक्त कोणत्या नळीत घेतलंत? लाल झाकणाच्या साध्या नळीत. रक्त गोठताना पांढऱ्या पेशी आपल्याजवळचं एमएमपी-९ सोडून देतात. निरोगी गट म्हणजे आमच्याच वर्गातली मुलं, त्यांचं रक्त अर्ध्या तासात फिरवून सीरम, म्हणजे गोठल्यावर उरणारं पाणी, वेगळं केलेलं. रुग्णांच्या नळ्या मात्र ओपीडी संपेपर्यंत टेबलावर पडून. मी मोजत होते ती ओपीडीची रांग. तेव्हा तू प्लाझ्मा, म्हणजे न गोठलेल्या रक्तातलं पाणी घे, रक्त गोठू न देणाऱ्या सायट्रेटच्या नळीत घे, दोन्ही गटांचं एकाच घाईनं घे.

लाळ घेणार असशील तर आधी हिरड्या बघ. सुपारी-तंबाखूचा खर्रा खाणाऱ्याच्या हिरड्या बहुधा सुजलेल्या असतात, आणि सुजलेल्या हिरडीतून एमएमपी-८ आणि ९ लाळेत असेही उतरतात. दंतवैद्याकडून हिरड्यांची नोंद न घेता केलेला लाळेचा अभ्यास मी तरी वाचून बाजूला ठेवते.

झायमोग्राफी, म्हणजे विकराचं काम जेलवर बघायची पद्धत, शिकच. जिलेटिन मिसळलेल्या जेलमध्ये नमुना धावतो, रात्रभर उबेत राहतो, सकाळी निळा रंग दिला की जिथं विकरानं जिलेटिन खाल्लं तिथं पांढरी पट्टी. फार देखणं दिसतं, आणि तिथंच माणूस फसतो. जेलमधलं एसडीएस हे साबणासारखं रसायन कुलपाची घडी उलगडतं, त्यामुळं बंद विकरही पांढरी पट्टी देतं. 92 किलोडाल्टन वजनाची पट्टी म्हणजे कुलूपबंद एमएमपी-९ आणि 72 ची म्हणजे कुलूपबंद एमएमपी-२. उघडी रूपं त्यांच्या जरा खाली असतात. टिम्पही एसडीएसमध्ये सुटून जातो. नमुना उकळू नकोस, प्रथिनाचे बंध तोडणारं मर्कॅप्टोइथेनॉल घालू नकोस. जेलच्या एका तुकड्याला धातू काढून घेणारं ईडीटीए दे; तिथंही पांढरी पट्टी आली तर तू पाहतेस ते एमएमपी नाही. आणि जमलं तर गोठवलेल्या छेदावरची इन सिटू झायमोग्राफी कर. तीत जागा दिसते. गाठीच्या मधला मेलेला भाग नको, सर्जनला सांगून आत घुसणाऱ्या कडेचा तुकडा माग. लढाई तिथं चालू असते.

आता आपल्या भागाचं. परदेशातल्या पेपरमध्ये 'हेड अँड नेक' या एका नावाखाली घशाचे, टॉन्सिलचे, एचपीव्ही विषाणूमुळं होणारेही कर्करोग येतात. आपल्याकडचा रुग्ण गाल आणि हिरडीचा, आणि त्यामागं पानठेला. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून घोटलेला खर्रा. त्यांचे आकडे आपल्या रुग्णाला चिकटवू नकोस.

आणि खर्ऱ्यात एक गंमत आहे, गंमत म्हणायला जीभ अडखळते. कर्करोगाआधी पुष्कळांना सबम्युकस फायब्रोसिस होतो. तिखट झोंबतं, गाल पांढरट आणि ताठ होतो, तोंड उघडेनासं होतं. इथं कोलॅजन कापलं जात नाही, ते साचत जातं. सुपारीतलं अरेकोलिन फायब्रोब्लास्टला कामाला लावतं. सुपारीत तांबं असतं, आणि तांब्यावर चालणारं लायसिल ऑक्सिडेज हे दुसरं पेशीबाहेरचं विकर कोलॅजनच्या दोऱ्यांना एकमेकांशी गाठी मारतं. सुपारीतली टॅनिन ही तुरट द्रव्यं त्या गाठी कोलॅजनेजला, म्हणजे कोलॅजन कापणाऱ्या विकराला, कापू देत नाहीत. म्हणजे त्याच गालात आधी धुरा सिमेंटचा होतो आणि पुढं काहींच्या तोंडात तोच फुटतो. हा पालट केव्हा होतो, कोणत्या विकरानं सुरू होतो? तुझा एमएमपी-९ मला इथं ठेवलेला बघायचाय: साधा गाल, ताठ गाल आणि गाठ, तिन्ही एकत्र, सोबत लायसिल ऑक्सिडेज आणि टिम्प-१. सुपारीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संस्थेनं 2004 मध्ये पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत टाकलं, तेही तंबाखूशिवायच्या सुपारीला. हे गावात कुणाला सांगितलं तर हसतात.

जाता जाता: लायसिल ऑक्सिडेज बंद पाडणारा बीएपीएन नावाचा पदार्थ लॅथिरस वंशातल्या शोभेच्या स्वीट पीमध्ये असतो. लॅथिरस म्हटलं की आपल्याला लाखोळीची डाळ आठवते, पण आपल्या लाखोळीतलं विष वेगळं, ते मज्जातंतूंवर जातं. तोंडी परीक्षेत मी स्वतः हे उलटंपालटं सांगितलंय.

'मग एमएमपी बंद करणारं औषध का नाही?' हा प्रश्न तुला येणारच. आलं होतं. बॅटिमास्टॅट, मॅरिमास्टॅट. नव्वदच्या दशकात मोठ्या आशेनं चाचण्या झाल्या आणि पडल्या. रुग्णांचे खांदे आणि हातांचे सांधे धरले, आयुष्य काही वाढलं नाही. बहुतेकांचा रोग पुढं गेलेला होता, धुरा केव्हाच फुटलेला. शिवाय औषध सगळ्याच एमएमपींना दाबत होतं आणि त्यातली काही, एमएमपी-८ सारखी, गाठीला अडवणारी निघाली. फावडं धुरा फोडतं तसंच बांधतंही. उलट ताठ गालात डॉक्टर हायलुरोनिडेज हे कापणारं विकर सुईनं मुद्दाम टोचतात, स्टेरॉइडसोबत. परीक्षकाला ही दोन टोकं सांग. तो गप्प बसेल.

पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात तू लिहिलंस की बाबांचा खर्रा सुटत नाही आणि हल्ली ते भाजीत मिरची कमी घाला म्हणतात. ते तू शेवटी का लिहिलंस ते मला कळलं. पोरी, हे आधी. त्यांना भाषण देऊ नकोस, ते पानठेल्यावर जाऊन दोन जास्त खातील. जेवायला बसताना सहज म्हण, बाबा, तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघू. गाल उजेडात बघ, पांढरा डाग, लाल डाग, दोन आठवड्यांत न भरलेली जखम. ते म्हणतील कापणी झाल्यावर जाऊ. कापणी मी बघते, माझ्याकडं यंदा दोन माणसं जास्त आहेत. सोमवारी त्यांना नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात घेऊन जा. चिठ्ठी सकाळच्या एसटीच्या कंडक्टरजवळ देऊन ठेवते.

तुझी,
मॅडम